टिंबवाली पिन

ते टिंब मी पाठवलं. हे पहिलेच सांगून टाकते, कारण मागून सांगतलं का लोक म्हणतात, बाई गोष्ट फिरवून राह्यली. मी काही फिरवत नाई. माह्या भावाच्या ट्रॉलीची पिन तुटली आणि त्यात माहा भाऊ गेला. त्या पिनीच्या डोक्यावर एक टिंब होतं. ते टिंब पाहूनच त्यानं ती पिन घेतली होती, आणि टिंब पाहून घेत जा हे त्याले शिकवणारी मीच.

माहं नाव देवकाबाई. माहेर सावलीजवळचं, वैनगंगेच्या अंगाले, धानाच्या बांध्याईतलं. नवरा गेल्यावर चंद्रपूरले आली, त्याले पंधरा वर्षं झाली. एमआयडीसीत गुणवंतरावांचा कारखाना आहे. नाव कारखाना, पण आहे काय, चार लेथ, एक भट्टी, टिनाचं शेड आणि दारात कडूलिंबाचं झाड. तिथी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पिना बनतात. वीतभर लांब आणि अंगठ्याहून जाड लोखंडी पिन. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात बसवतात आणि वरून ही पिन टाकतात. मागं चाळीस पोते धान असो का लग्नाचं वऱ्हाड असो, त्या एका पिनीच्या भरोशावर असते. पिना डिझेलनं धुवायच्या, पुसायच्या आणि पेटीत भरायच्या, हे माहं काम.

धुणं आणि भरणं याच्या मधातलं काम लियाकतभाऊचं. पिनीच्या डोक्यावर पंच, म्हणजे आकड्याचा ठसा, ठेवून हातोडीनं नंबर टाकायचा. कोणत्या सालची, कोणत्या भट्टीची, हे त्या नंबरावरून कळते. लियाकतभाऊ पहिले जटपुरा गेटजवळ भांड्यांवर नावं टाकत. लग्नाचे भांडे आले का रांग लागे त्याईच्यासमोर. अर्ध्या चंद्रपूरच्या मांडणीवर त्याईचं अक्षर आहे. मंग भांड्यांच्या दुकानवाल्याईनंच नाव टाकायची मशीन घेतली आणि लियाकतभाऊ आमच्याकडं आले. मशीननं एकदा उठवलेला माणूस पुढं दुसऱ्यांदाही उठवला गेला, असं म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट. लियाकतभाऊ नंबर टाकायच्या पहिले प्रत्येक पिन सुतळीच्या फाशात लटकवत आणि हातोडीनं हळूच एक ठोका देत. चांगली पिन वाजे. देवळातल्या बारक्या घंटीवाणी, लांबपर्यंत. कधी एखादी 'थप्प' करून गप होई. ते म्हणत, "बाई, ही मुकी." आणि ती बाजूच्या निळ्या ड्रममध्ये टाकून देत. भट्टीतून लाल काढून पाण्यात टाकली का एखाद्या पिनीले आतून तडा जाते. वरून किती पाहा, किती घासा, तो तडा दिसत नाई. वाजवली तरच कळते.

हे त्याईले कोणी शिकवलं नव्हतं. भांड्यावर नाव टाकताना ते पहिले भांडं वाजवून पाहत. चिरलेल्या भांड्यावर छन्नी मारली का ते उकलते, आणि गिऱ्हाईक म्हणते तुम्हीच फोडलं. ती जुनी सवय त्याईनं लोखंडाले लावली. आणि पिन वाजली का नंबराच्या शेवटी एक टिंब देत. मी एकदा विचारलं, "भाऊ, हे टिंब कशाचं?"

"ऐकली, त्याची निशाणी," ते म्हणाले. "नाई तं मीच विसरून जाईन, कोणती ऐकली आणि कोणती राह्यली."

एवढंच. कारखान्याच्या कोणत्याच कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरात लियाकतभाऊच्या नावापुढं काम लिहिलं होतं, नंबर टाकणे.

मी मात्र गावभर सांगत सुटली. माहं तोंड काही बंद राहत नाई, तेव्हाही राह्यलं नाई. माहा लहान भाऊ सुरेंद्र लोकाईचे ट्रॅक्टर चालवे, मंग स्वतःचा घेतला. त्याले मी बजावून सांगतलं, दुकानात पिन घेताना डोकं पाहाजो, टिंब असलं तरच घेजो. तो मस्करी करे. म्हणे, "बाई, आता डिंपलच्या टिकल्याही तुह्याकडूनच पास करून आणत जातो." डिंपल म्हणजे त्याची बायको. पण मस्करी करे आणि टिंब पाहूनच घे. त्यानं बाकीच्या ड्रायव्हराईले सांगतलं. दोनतीन वर्षांत सावली-मूलकडं लोक दुकानात जाऊन टिंबवाली पिन मागू लागले. मले लय फुशारकी वाटे. लियाकतभाऊले सांगतलं तं ते लाजले. म्हणाले, "अरे बाई, एवढं कशाले सांगता लोकाईले."

गेल्या होळीले गुणवंतरावांचा पोरगा प्रफुल नागपूरहून शिकून आला. पोट्टा हुशार आहे, मी त्याले वाईट नाई म्हणणार. मोठ्या डीलरनं म्हटलं होतं का नंबर वाकडे दिसतात, आणि फोननं वाचता येते तसा चौकोनी ठप्पाही पाहिजे. ते काम लेझरचं. लेझरची मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून प्रफुलनं ठरवलं, पिना नागपूरले एका लेझरवाल्याकडं पाठवायच्या आणि मार्किंग करून वापस आणायच्या. त्यानं खर्च मांडला. लेझरवाल्याचे पैसे धरले, गाडीभाडं धरलं, पेट्या धरल्या, जायचे-यायचे दोन दिवसही धरले. त्यासमोर लियाकतभाऊचा पगार ठेवला. लेझर स्वस्त पडलं. ऐकण्याचं काही धरलं नाई, कारण ते काम आहे हेच त्याले मालूम नव्हतं.

मी सांगतलं त्याले. "प्रफुलभाऊ, लियाकतभाऊ पिना वाजवून पाहतात. मुकी निघाली तं बाजूले टाकतात."

"मावशी, भट्टीचा रिपोर्ट येते ना," तो म्हणाला. "तपासलेला माल आहे."

रिपोर्ट येते दहा पिनांचा आणि पिना असतात तीनशे, हे मी बोलली नाई. गुणवंतराव खुर्चीवर बसून होते, तेही बोलले नाई.

मंग प्रफुल म्हणाला, "मावशी, लेझरवाल्याले नमुना द्यायचा आहे. लियाकतचाचाच्या हातची एक चांगली पिन काढून द्या. नंबर सरळ पाहिजे."

मी अख्खी पेटी उपसली. मले वाटलं, नागपूरवाल्याईले दिसू दे, आमच्या माणसाच्या हातात काय होतं. एक पिन सापडली, तिच्यावर सगळे आकडे एका ओळीत, आणि शेवटी टिंब गोल, कसं मोजून दिल्यासारखं. ती मी पदरानं पुसली आणि कागदात गुंडाळून दिली. तीच पिन नागपूरले गेली.

लियाकतभाऊचा कामाचा शेवटचा दिवस आला. पंच फडक्यात बांधले, हातोडी पिशवीत टाकली. सुतळी मात्र खिळ्यावरच राहू दिली. म्हणाले, "बाई, ही इथीच ठेवतो. पिना ऐकून पाठवत जा."

"हाव भाऊ," मी म्हणाली.

पहिले पंधरा दिवस ऐकल्या मी. खोटं नाई सांगत. त्याईच्यासारखा कान नाई माहा, तरी चार मुक्या काढल्या. मंग धानाच्या रोवण्याच्या आधी ऑर्डर वाढली. नागपूरची गाडी अकराले येई आणि पेट्या तयार नसल्या का ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसे. प्रफुल येऊन म्हणे, "मावशी, ते टणटण नंतर करजा." एक दिवस अर्ध्या ऐकल्या. एक दिवस वरच्या वरच्या दहाक ऐकल्या. मंग एक दिवस सुतळी पेटी बांधायले घेतली. कोणी मले मना केलं नव्हतं. मीच सोडलं.

लेझरचा पहिला लॉट दोन दिवसांत नाई, महिना-दीड महिन्यानं वापस आला, तेव्हा पेटी मीच उघडली. काळे बारीक आकडे, छापल्यावाणी. बाजूले चौकोन. आणि आकड्यांच्या शेवटी टिंब. दुसरी काढली, तिच्यावरही टिंब. तिसरीवर, चौथीवर. तीनशेच्या तीनशे पिनांवर टिंब.  लेझरवाल्यानं नमुना पाह्यला आणि जसाच्या तसा उतरवला. त्याचा काय दोष, त्याले सांगतलं होतं तेच त्यानं केलं.

मी पिन घेऊन प्रफुलकडं गेली. "हे टिंब काढायले सांगा. हे लियाकतभाऊचं आहे."

"त्याईचं नाव थोडंच आहे, टिंब तं आहे," तो हासला. "आणि डीलर म्हणते, तिकडं लोक टिंबवालीच मागतात. राहू दे."

तेव्हा मले पूर्ण बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं का बाबू, लोक टिंबासाठी नाई, कानासाठी मागतात. पण मंग तो विचारता, मावशी, तुम्ही तं ऐकून पाठवून राह्यल्या होत्या ना? म्हणून मी गप बसली. सुरेंद्रले तरी फोन करून सांगायचं होतं, का आता टिंब पाहू नोको. दोनदा फोन लावला. एकदा डिंपलनं उचलला, भाचीच्या शाळेचं बोलली. एकदा त्यानंच उचलला, तं म्हणे, "बाई, मासोळ्या लय निघाल्या तलावात, ये ना." मी म्हणाली येते. पिनीचं बोललीच नाई. इतकी वर्षं ज्या कारखान्याची बढाई मारली, त्याचं हे कोणत्या तोंडानं सांगू, असं वाटलं मले. लाज वाटली, दुसरं काही नाई.

दिवाळी झाली. धान कापून, चुरून झाले. सुरेंद्र शेजारच्या बिरजूचे धान मिलवर नेऊन राह्यला होता. पोत्याईवर बिरजूची माय आणि बायको बसल्या होत्या. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर चढ आहे, तिथी ट्रॅक्टरनं जोर घेतला आणि पिन तुटली. ट्रॉली मागं जाऊ लागली. मागं नहर, पाण्यानं भरलेला. सुरेंद्र ट्रॅक्टरवर होता, त्याले काही होत नव्हतं. पण वर दोन बाया बसून होत्या. त्यानं उडी मारली, धोंडा उचलला आणि चाकामागं घालायले धावला. आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर असं करतात. धोंडा बसला, ट्रॉली थांबली. पण थांबता थांबता तिरपी झाली आणि तो तिच्या आणि पाळीवरच्या बाभळीच्या मधात सापडला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत राह्यला नाई. बिरजूच्या मायले खरचटलंही नाई.

मले बिरजूचा फोन आला तेव्हा मी पेट्याच भरून राह्यली होती.

हुकात अडकलेला पिनीचा वरचा तुकडा बिरजूनं घरी आणून ठेवला होता. मी तो हातात घेतला. काळे बारीक आकडे, चौकोन, टिंब. मी तो पदराखाली लपवला. प्रफुलचा फोन आला, "मावशी, लय वाईट झालं. कोणाजवळ काही बोलू नोका सध्या." मी फोन ठेवून दिला.

तेरवीले लियाकतभाऊ आले. सोबत नात होती, महेक, कॉलेजात जाते ती. तिनंच बसनं हात धरून आणलं. आठ महिन्यांत माणूस खचला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यालेही मांडवाच्या सावलीत बारीक काही दिसेना, आणि बोटं तं केव्हाचीच बधिर, साऱ्या जन्माची हातोडी ती. मांडवात बसले, सुरेंद्रच्या फोटोले हात जोडले, आणि मले म्हणाले, "बाई, ती पिन आहे का?"

मी तुकडा आणून दिला. द्यायले नोको होता, पण त्याईनं मागतला तं नाई म्हणवलं नाई.

त्याईनं तुटलेलं तोंड महेकले दाखवलं. "रंग सांग, बेटा."

"अर्धं चमकते, दादा. अर्धं काळं आहे."

"काळं ते जुनं," ते म्हणाले. "भट्टीतूनच तडा घेऊन आली होती." मंग त्याईनं खिशातून सुतळी काढली, तुकडा लटकवला आणि चावीनं ठोका दिला. थप्प. मांडवातले लोक पाहत होते. त्याईनं पिनीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. पंचाचं टिंब खोल असते, हाताले लागते. लेझरचं काहीच लागत नाई, नुसता डाग असते. पण त्याईच्या अंगठ्याले दोन्ही सारखंच. त्याईनं मले विचारलं, "बाई, टिंब आहे?"

मी म्हणाली, "आहे."

एवढंच म्हणाली. भाऊ, ते तुमचं नाई, हे पुढचं चार शब्दांचं वाक्य माह्या तोंडातून निघालं नाई. समोर डिंपल बसली होती, बाजूले माही भाची आचल, सारं गाव.

लियाकतभाऊनं तुकडा खाली ठेवला. मंग टोपी काढली, डिंपलसमोर हात जोडले. "बेटी, ही पिन मी पास केली. माह्या कानानं धोका दिला. मले माफ कर." आणि ते रडू लागले, सगळ्याईसमोर. डिंपल बिचारी उलटी त्याईलेच म्हणाली, "असं नोका म्हणू बाबा, तुम्ही कशाले मुद्दाम करसान." आणि मी बाजूले उभी. जमीन फाटत नाई अशा वेळी, माणूस उभाच राहते.

आठ दिवस मी कसे काढले ते मलेच मालूम. नवव्या दिवशी चंद्रपूरले लियाकतभाऊच्या घरी गेली. महेकनं दार उघडलं. दारातच भांड्यांची टोपली पडून होती, कोण्या मोहल्लेवाल्याची. महेक म्हणाली, "वापस करायची आहे. दादा आता नावंही टाकत नाई. कोणी काही आणलं का म्हणतात, माह्या कानावर भरोसा नाई. परवा अम्मीनं नवीन माठ आणला, तोही वाजवून पाह्यला नाई."

लियाकतभाऊ खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी खाली बसली आणि सांगतलं. नमुना मी निवडला ते, टिंब नागपूरच्या लेझरनं उतरवलं ते, सुतळी मी पेटीले बांधली ते, आणि मांडवात मी गप राह्यली ते. सांगताना मले रडू आलं नाई. लाजेनं अंग जळत होतं फक्त.

ते माह्याकडं वळले. मंग विचारलं, "म्हणजे ती पिन माह्या हातात आलीच नव्हती?"

"नाई भाऊ. तुमच्या कानापर्यंत गेलीच नाई."

त्याईनं डोळ्यांवर हात ठेवला. "तुम्ही त्या दिवशी काऊन नाई बोलल्या, बाई? आठ दिवस मी स्वतःले खुनी म्हणून राह्यलो." आवाज चढला नव्हता, तरी ते ऐकवत नव्हतं. मी म्हणाली, "डिंपलची भीती वाटली." ते म्हणाले, "आणि माही नाई वाटली." 

मंग ते उठून बसले. एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "किती गेल्या तशा?"

मी मोजलं नव्हतं. तीनशेचा एक लॉट, महिन्याले दोन. सगळ्याईवर टिंब. सावली, मूल, गडचिरोली, पार सिरोंच्यापर्यंत डीलरचा माल जाते. मी बोटांवर मोजू लागली आणि मधातच थांबली. लियाकतभाऊनं महेकले म्हटलं, "माही पिशवी काढ."

त्याच दिवशी मी गुणवंतरावांजवळ गेली आणि त्याईलेही सांगतलं. ते म्हणाले, "मले मालूम होतं, देवकाबाई, तो वाजवते म्हणून. मले वाटे त्याची आदत आहे." डीलरले पत्र टाकतो म्हणाले. टाकलं असेल. मी वापस कामावर गेली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं सावलीच्या मिलवर गेलो. धानाचा मोसम, ट्रॉल्याईची रांग रस्त्यापर्यंत. मी एकेका ड्रायव्हरजवळ जाऊन सांगू लागली, चाकाले धोंडा लाव, पिन काढ, जराशीक वाजवून पाहू दे. कोणी ऐकेना. पहिलाच कोलू होता, सुरेंद्रचा दोस्त. तो म्हणाला, "बाई, माह्या पिनीवर टिंब आहे."

"म्हणूनच काढ."

"तुह्याच भावानं सांगतलं होतं, टिंबवाली घे. आता तू म्हणतेस का टिंब म्हणून काढ?" तो मले चिडवत नव्हता. त्याले खरंच समजत नव्हतं. मी त्याच्या ट्रॅक्टरसमोर रस्त्यावर बसली. म्हणाली, माह्या अंगावरून ने, नाई तं पिन काढ. लोक जमले, हासले काही. माह्या तोंडाची कीर्ती त्या भागात आहेच. शेवटी त्यानं शिव्या देत पिन काढली.

लियाकतभाऊनं ती सुतळीत लटकवली.  ठोका देण्याआधी ते थांबले, आणि मले दिसलं का त्याईले भीती वाटून राह्यली आहे. मंग दिला ठोका. थप्प. कोलूलेही समजलं. त्याचा चेहरा पडला. बाजूच्या ट्रॉलीची जुनी पिन वाजवली, ती लांबपर्यंत वाजत राह्यली. मंग कोणाले सांगायची गरज पडली नाई, ज्यानं त्यानं आपापली पिन आणून दिली.

बावीस ट्रॉल्या झाल्या दुपारपर्यंत. त्यात चौदा पिना टिंबवाल्या, दोन मुक्या. मुक्या महेकनं पिशवीत टाकल्या. पण लियाकतभाऊ चांगल्या पिनांवरही छन्नी ठेवत आणि दोन घाव घालून टिंब खोडत. महेक छन्नी बरोबर जागेवर धरून देई. एका ड्रायव्हरनं विचारलं, "बाबा, वाजली ना? मंग टिंब काऊन मिटवता?"

"वाजली," लियाकतभाऊ म्हणाले. "हे मी तोंडानं सांगून राह्यलो. टिंबाचं आता काही खरं नाई." मी म्हणाली, "भाऊ, चांगलीवर तुमचं नवीन टिंब द्या, पंचाचं." ते म्हणाले, "दुकानात दोन्ही सारखेच दिसतील, बाई." आणि पुढची पिन लटकवली. त्याईचं ते टिंब, जे मी गावोगाव सांगत फिरली, ते त्याईनं माह्यासमोर एकेक करून खोडलं.

मंग आम्ही सुरेंद्रच्या घरी गेलो. लियाकतभाऊ मले म्हणालेच होते, मिल आज झाली पाहिजे आणि घरही आजच.

डिंपल अंगणात धान वाळवून राह्यली होती. आम्हाले खाट टाकून दिली, चहा ठेवला. मी चहा होईपर्यंतही थांबली नाई. चुलीजवळ बसून सारं सांगतलं तिले. ते टिंब लियाकतभाऊचं नव्हतं. नमुना मी दिला होता. मले मालूम होतं आणि मी फोनवर बोलली नाई. ती चहा गाळत होती. गाळून झाला. पहिला कप लियाकतभाऊले नेऊन दिला, दुसरा महेकले, तिसरा मले. 

मंग समोर बसली आणि म्हणाली, "बाई, एक सांगू? ती पिन घेतली त्या दिवशी सावलीच्या दुकानात दोनच पिना होत्या. दुसऱ्या कंपनीच्या, बिनाटिंबाच्या. दुकानदार म्हणे, घेऊन जा, चांगल्या आहेत. मी संगंच होती. मीही म्हणाली, घ्या ना, उशीर होऊन राह्यला. तो म्हणाला, नाई, माह्या बहिणीनं सांगतलं आहे. आणि मोटरसायकल काढून मूलले गेला, टिंबवाली आणायले."

एवढं बोलून ती धान पालटायले उठली. मी कप खाली ठेवला. तिच्यामागं जाऊन मीही धान पालटू लागली, आणि तिनं मले जा म्हटलं नाई, बस.